निरंक

दुपारी दोन चाळीसला फीडर पडला.
पडला म्हणजे आवाज काहीच नाही,
पॅनलवरचा लाल दिवा हिरवा झाला.
आमच्याकडे उलटंच असतं:
लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद.
बाहेर पारा सेहेचाळीसवर,
चोपड्याकडून येणारी झळ कुंपणाच्या जाळीतून आत शिरते
आणि माझं नाक तिच्यात राखेचा वास शोधतं.

पूर्वी लाइन आपली आपण उठायची.
पडली, दहा सेकंद थांबली, उभी.
पुन्हा पडली, पुन्हा उभी,
हट्टी पोरासारखी.
होळीपासून मृग लागेपर्यंत आता ती सवय आम्ही काढून ठेवतो,
एक छोटी कळ फिरवायची, वर लाल चिकटपट्टी.
पडली तर पडू द्यायची.
आधी चालत जाऊन बघायची, मग उठवायची.
परिपत्रकात हे तीन ओळींत आहे.
मला कळायला एक टेकडी लागली.

त्या चैत्रात मीच होतो ड्युटीवर.
यंत्राने दोनदा उठवली, तिसऱ्यांदा मी, या अंगठ्याने.
टिकली. मी चहा मागवला.
तुटकी तार वाळल्या कुसळीवर पडलेली,
आणि वाळलं गवत इतका कमी करंट ओढतं
की इथल्या काट्याला ते कळतही नाही.
चार रात्री सातपुडा
आगीची माळ घालून उभा होता
आणि सबस्टेशनच्या गच्चीवरून ती
सुंदर दिसायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

फोन. दगा नाना बाविस्कर.
"भाऊ, केयीले पानी नही. दाबी द्या ना बटन."
दाबत नाही, नाना. माणूस गेलाय लाइनवर.
"आठ तासनी पायी, त्यामा तीन तुम्हीच खाई ग्यात."
मी नुसतं हं म्हणतो.
हं म्हणायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

गुलसिंग पावरा चालतोय.
थंडीत याच माणसाने विळा घेऊन
खांबाखांबाभोवती गवताचं रिंगण साफ केलं,
फ्यूजमधून वितळलेला थेंब पडतो तिथे मुरूम टाकला.
वेष्टनाची तार मागितली होती तीन किलोमीटर,
आली सव्वा.
ती कुठे ओढायची यावर दोन संध्याकाळी नकाशा पसरून बसलो:
अंजनाच्या रानात, की पाड्यामागच्या गवतात?
गुलसिंग बोलला नाही. त्याचं घर पाड्यात.
शेवटी मीच बोट ठेवलं पाड्यावर,
आणि अंजनाकडे पाहायचं टाळलं.

चार वाजले. साडेचार.
हिरवा दिवा.
फोन उचलून उचलून कान तापला.
कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं लग्नाचं वऱ्हाड,
एक मुलगी फक्त विचारते, कव्हय येई?
आणि उत्तर न ऐकता ठेवून देते.
अंगठा टेबलाखाली दाबून बसलोय.

पाच वीसला, टेकाडावर चढून रेंज मिळवून, गुलसिंग:
"खांब एकशे बारा. अंजनात. तार खाली."
गवतात?
"गवतातच."
आणि?
"आणि काय, साहेब?
मुंगळे चाललेत तिच्यावरून."

मी खुर्चीत मागे टेकलो.
मग पुढची कामं: अर्थिंग, जोड, ताण,
पुन्हा एकदा सगळे खाली उतरल्याचा फोन,
पुन्हा एकदा, नावं घेऊन.
सात वाजून पाच मिनिटांनी लाल.

रजिस्टर ओढलं.
कारण: तार तुटली.
नुकसान: निरंक.

शाई वाळायच्या आत नानाचा फोन.
वाटलं, शिव्या असतील.
"उनी लाइन," एवढंच म्हणाला. मग थांबून,
"तीन घड मोडनात रे भाऊ."
चार तास पाणी नाही म्हणून घड मोडत नाहीत,
वाऱ्याने मोडले असतील,
हे त्यालाही माहीत आहे, मलाही.
दोघंही थोडा वेळ फोन धरून राहिलो.

निरंक खोडलं नाही.
समासात पेन्सिलने लिहिलं:
घड, तीन.